दीर्घकाळ सेवा केलेल्या बॅप्टिस्ट पाळकांचा निवृत्ती-सन्मान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीस-पस्तीस वर्षे एकाच मंडळीचे पाळकपण केलेला माणूस निवृत्त होणार असला की मंडळीत पहिली चर्चा होते ती शाल कोण घालणार, बिर्याणी की पुलाव आणि प्रमुख पाहुणे कोण याची. पाळकसाहेबांच्या घरात त्याच वेळी वेगळेच बोलणे चालू असते : पार्सनेज, म्हणजे मंडळीने दिलेले पाळकांचे घर, सोडल्यावर राहायचे कुठे? खालची उत्तरे या दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतात. डोळ्यांसमोर आहेत त्या महाराष्ट्रातल्या, स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या, शंभर ते चारशे सभासदांच्या मराठी बॅप्टिस्ट मंडळ्या.

बॅप्टिस्ट परंपरेत पाळकांच्या निवृत्तीचा ठरलेला विधी आहे का?

नाही. जुने बॅप्टिस्ट पाळक सहसा निवृत्त होत नसत. लंडनच्या एकाच मंडळीत जॉन गिल ५१ वर्षे पाळक होते आणि त्यांच्यामागून आलेले जॉन रिपन १७७३ ते १८३६, म्हणजे ६३ वर्षे. पुढे तिथेच आलेले स्पर्जन १८९२ मध्ये वारले तेव्हाही पाळकच होते. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारे विल्यम केरी १८३४ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला वारले, तेही सेवेत असतानाच. उलट उदाहरण म्हणजे अटलांटाच्या एबनेझर मंडळीचे मार्टिन ल्यूथर किंग थोरले. ते १९३१ पासून ४४ वर्षे सेवा करून १९७५ मध्ये रीतसर निवृत्त झाले.

पवित्र शास्त्रात निवृत्तीचा स्पष्ट उल्लेख गणना ८:२३-२६ मध्ये सापडतो. लेव्यांनी, म्हणजे उपासनास्थळाची सेवा करणाऱ्या वंशातल्या पुरुषांनी, पन्नासाव्या वर्षी सेवेतून मोकळे व्हावे, पण भावांना मदत करत राहावे, अशी ती तरतूद आहे. काम संपते, नाते राहते. दोन्ही एकाच वाक्यात आले आहे. सोहळ्याच्या उपदेशासाठी हा उतारा कुणी घेत नाही, हे आश्चर्यच.

निर्णय कोण घेणार? बिशप नसल्यामुळे गोंधळ होतो.

मंडळीची सर्वसाधारण सभा. डीकन (मंडळीचा कारभार पाहणारे निवडलेले सेवक) किंवा पंच कमिटीने प्रस्ताव मांडायचा, सभासदांनी मत द्यायचे आणि इतिवृत्तात नोंद करायची. निवृत्तीची तारीख, द्यायची रक्कम, घराची मुदत आणि 'सन्माननीय पाळक' ही पदवी द्यायची की नाही, हे चार ठराव वेगवेगळे घ्या. एकाच ठरावात सगळे कोंबले की पदवीवरून वाद होतो आणि त्यात पैशांचा ठरावही लटकतो.

एक खबरदारी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा उत्तर भारतातल्या बऱ्याच बॅप्टिस्ट मंडळ्या त्यात गेल्या. नावात 'बॅप्टिस्ट' आहे म्हणून मंडळी स्वतंत्रच असेल असे धरू नका. ती बिशपच्या धर्मप्रांताखाली असेल तर निवृत्तीचे वय, निधी आणि घर यांचे नियम धर्मप्रांताचे लागतात.

तयारी किती आधी सुरू करावी?

घर आणि पैसा यांची दोन वर्षे आधी, सोहळ्याची सहा महिने आधी. बहुतेक ठिकाणी हे नेमके उलटे होते. सोहळ्याची समिती वर्षभर आधी बसते आणि ग्रॅच्युइटीचा विषय शेवटच्या महिन्यात खजिनदाराला आठवतो.

तारीख ठरवताना मे टाळा, कारण अर्धी मंडळी गावी असते. दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च टाळा, नाताळामुळे डिसेंबर टाळा. पावसाळ्यात मांडव घालायचा म्हणजे पत्र्याचा खर्च वाढतो. जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा रविवार आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरचा रविवार सोयीचे पडतात.

समितीत कोण असावे?

पाच ते सात जण पुरेत : एक डीकन, खजिनदार, स्त्री मंडळाची एक, तरुण संघाचा एक, जुन्या पिढीतले एक आणि पाळकांच्या घरच्यांशी बोलणारे एक. हे शेवटचे काम एकाच व्यक्तीकडे ठेवा, नाहीतर पाळकीणबाईंना एका आठवड्यात पाच फोन येतात आणि पाचांचे म्हणणे वेगळे असते. नवा पाळक शोधणारी समिती पूर्णपणे वेगळी हवी. तीच माणसे दोन्हीकडे असली की सत्काराच्या बैठकीत उमेदवारांची चर्चा सुरू होते आणि ती चहा संपायच्या आत गावभर होते.

निवृत्तीच्या वेळी पाळकांना किती रक्कम द्यावी?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. एक, मंडळी मालक म्हणून जे देणे लागते ते. दोन, लोक प्रेमाने जे देतात ते. पहिले हक्काचे, दुसरे प्रीतिदान. सगळ्यात सामान्य चूक म्हणजे प्रीतिदान गोळा करून तेच 'ग्रॅच्युइटी' म्हणून देणे. लोकांना वाटते आपण भेट दिली, मंडळीला वाटते देणे फिटले आणि पाळकांच्या हाती दोन्हींपैकी एकच पडते.

हक्काच्या रकमेसाठी ग्रॅच्युइटीच्या कायद्यातले सूत्र धरावे. दहापेक्षा कमी नोकर असलेल्या मंडळीला कायदा लागू होत नसला तरी मोजमाप म्हणून ते न्याय्य आहे : शेवटचा मासिक पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षे. पगार २४,००० रुपये आणि सेवा ३१ वर्षे असेल तर :

२४,००० × १५ ÷ २६ × ३१ = सुमारे ४,२९,२३१ रुपये.

कायदा लागू नसलेल्या संस्थांसाठी आयकरातली सूट वेगळ्या रीतीने मोजतात. शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराचा अर्धा भाग गुणिले पूर्ण वर्षे, म्हणजे वरच्याच उदाहरणात १२,००० × ३१ = ३,७२,००० रुपये. इतकी रक्कम करमुक्त राहते, त्यावरची पगार म्हणून करपात्र ठरते. या करसवलतीची कमाल मर्यादा २० लाख आहे. आपल्याकडच्या पगारात तिथवर जायची वेळ येत नाही.

इथे एक अडचण हमखास येते. पाळकांचा पगार वर्षानुवर्षे मुद्दाम कमी ठेवलेला असतो, 'घर दिले आहे ना' म्हणून. मग कमी पगारावर मोजलेली ग्रॅच्युइटीही कमीच निघते. अशा वेळी घराचे वाजवी भाडे पगारात धरून रक्कम काढा आणि ठरावात तसे स्पष्ट लिहा. करमुक्त किती राहील ते मात्र सीएकडून तपासून घ्या.

एवढे पैसे मंडळीच्या खात्यात नाहीत. मग?

ही स्थिती अपवादाची नाही. तीन वाटा आहेत. दोन वर्षे हाती असतील तर दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या मुदत ठेवीत टाका. चार लाखांसाठी २४ महिन्यांत महिन्याला साधारण १६,५०० रुपये लागतात. वेळ नसेल तर अर्धी रक्कम निवृत्तीच्या दिवशी आणि उरलेली बारा महिन्यांच्या हप्त्यांत द्या, पण हप्त्यांच्या तारखा ठरावात घाला. नव्या पाळकांना हा ठराव रुजू होण्याआधी दाखवा. तिसरी वाट म्हणजे सभासदांकडून वचनचिठ्ठ्या. वचने दिलेल्यांपैकी सगळे ती पाळत नाहीत, म्हणून गरजेपेक्षा सव्वापट वचने येईपर्यंत थांबा.

इमारत दुरुस्ती निधी किंवा बाप्तिस्म्याच्या हौदासाठी जमवलेले पैसे इकडे वळवू नका. ज्या कारणासाठी अर्पण घेतले त्याच कारणासाठी ते खर्च व्हायला हवे, नाहीतर हिशेब तपासनीस आणि देणारे, दोघेही प्रश्न विचारतील.

प्रीतिदान कसे गोळा करावे?

पाकिटे छापा आणि त्यांवर 'पाळक निवृत्ती प्रीतिदान' असे लिहा. घ्यायला सुरुवात सोहळ्याच्या सहा आठवडे आधी, बंद करायची तारीख सोहळ्याच्या आठ दिवस आधी. उघडताना नात्यात नसलेले दोन जण हवेत, मोजणीवर दोघांची सही हवी. पावती प्रत्येकाला, मग शंभर रुपये असोत की दहा हजार. जमेल तितके धनादेशाने किंवा यूपीआयने घ्या.

व्यासपीठावर नावे आणि रकमा वाचू नका. 'अमुक परिवाराकडून २५,०००' अशी घोषणा झाली की सणाच्या साडीतून दोनशे रुपये वाचवून दिलेली आजीबाई मागच्या बाकावर खाली मान घालते. एकूण रक्कमही व्यासपीठावरून सांगायची गरज नाही. ती इतिवृत्तात असेल.

या भेटीवर पाळकांना कर भरावा लागतो का?

नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या पैशांच्या भेटींची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली तर संपूर्ण बेरीज करपात्र होते, फक्त वरची रक्कम नव्हे. शंभर जणांनी प्रत्येकी हजार दिले तरी बेरीज एक लाखच होते, म्हणून 'प्रत्येकाने थोडे थोडे दिले' हा बचाव चालत नाही. पाळकांचे इतर उत्पन्न कमी असल्यामुळे प्रत्यक्ष कर बहुधा शून्यच निघेल, पण विवरणपत्रात दाखवावे लागते. मंडळीच्या खात्यातून दिलेली रक्कम भेट ठरत नाही. ती मालकाकडून मिळालेले उत्पन्न आहे. आणखी एक : दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख एकाच प्रसंगी स्वीकारायला कायद्याने बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो. पाकिटात रोख घालून व्यासपीठावर देण्याची हौस त्यापायी सोडा. धनादेश द्या.

मंडळीचा ट्रस्ट असेल आणि पाळक स्वतः विश्वस्तही असतील तर ठरावाच्या वेळी त्यांनी बैठकीबाहेर थांबावे. विश्वस्ताला वाजवीपेक्षा जास्त लाभ दिला असे दिसले तर ट्रस्टच्या करसवलतीवर बालंट येते.

अमेरिकेत, आखातात असलेले आमचे जुने सभासद पैसे पाठवू इच्छितात. चालेल का?

पाठवणाऱ्याचा पासपोर्ट कोणता, हा पहिला प्रश्न. भारतीय नागरिकत्व कायम असलेला माणूस दुबईतून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवतो तेव्हा ते परदेशी योगदान ठरत नाही. ज्याने अमेरिकन किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळणारे परदेशस्थ नागरिक कार्ड) असले तरी, त्याचे पैसे एफसीआरएखाली, म्हणजे परदेशी योगदान नियमन कायद्याखाली, परदेशी योगदानच. ते मंडळीला घ्यायचे तर नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले विशेष खाते लागते. ते नसेल तर मंडळीच्या नेहमीच्या खात्यात एक डॉलरही येऊ देऊ नका. 'लोकलच आहे, आपलाच मुलगा' हे कारण तिथे चालत नाही. पाळकांचे सख्खे नातेवाईक थेट त्यांनाच पाठवत असतील तर नियम सौम्य आहेत, पण तो त्यांचा घरगुती व्यवहार. मंडळीने मध्ये पडू नये.

पार्सनेज कधी रिकामे करून घ्यावे?

निवृत्तीनंतर तीन महिने ही किमान मुदत ठेवा. शाळकरी नातवंडे घरात असतील तर शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत. मुदत लेखी द्या. तोंडी 'राहा हो आरामात' म्हटले की सहा महिन्यांनी नवे पाळक भाड्याच्या खोलीत आणि जुने पाळक संकोचात, अशी दोघांचीही कुचंबणा होते.

घरातल्या सामानाची यादी मंडळीने आधीच करावी : कोणता पंखा, कपाट, गिझर मंडळीचा आणि कोणता त्यांचा. तीस वर्षांत हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. शंका असेल ती वस्तू पाळकांची धरा. जुन्या फ्रिजवरून वाद घालण्यासारखे त्यात काही नसते. ट्रक, हमाल आणि नव्या घराची अनामत रक्कम हा खर्च मंडळीने करावा. बरेचदा ही मदत सोन्याच्या अंगठीपेक्षा मोलाची ठरते.

मंडळीच्या जागेतला एक छोटा प्लॉट त्यांना देता येईल का?

सभेत टाळ्या वाजवून देता येत नाही. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, बक्षीस द्यायची किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि ती बक्षिसासाठी मिळणे अवघड असते. अनेक मंडळ्यांची जमीन अजून जुन्या मिशनच्या नावावर आहे. तिथे तर मंडळीला हा विषय काढण्याचाच अधिकार नसतो. व्यासपीठावरून प्लॉट जाहीर करून नंतर माघार घेणे हा सन्मान नव्हे, अपमान आहे.

भेट म्हणून काय द्यावे?

आधी विचारा. 'सरप्राइज'चा मोह नको. साठीच्या पुढच्या जोडप्याला पहिली गरज असते आरोग्य विम्याची. हा विमा निवृत्तीच्या आधीच काढलेला बरा, कारण जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते. सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान भारतचे पाच लाखांचे कार्ड उत्पन्नाची अट न पाहता मिळते. तरुण संघातल्या कुणीतरी बसून ते काढून द्यावे. त्याला पैसे लागत नाहीत, अर्धा दिवस लागतो.

शाली चाळीस येतात. निमंत्रणावर 'शाल व हार आणू नयेत' असे छापा आणि मंडळीच्या वतीने एकच, चांगली शाल द्या. नारळावरून मतभेद होतात : काहींना ते केवळ फळ वाटते, काहींना पूजेची आठवण. वाद नको असेल तर फळांची करंडी द्या. फेटा बहुतेकांना आवडतो. पाळकांना विचारून बांधा, डोक्यावर जबरदस्ती नको. दोन फुटी काचेची सन्मानचिन्हे भाड्याच्या दोन खोल्यांत कुठे ठेवायची, हा विचार देणाऱ्याने करावा.

आठवणींचे पुस्तक करायचे आहे. कसे?

चार महिने धरा. पहिल्या महिन्यात पत्रे मागवा, प्रत्येकी जास्तीत जास्त १५० शब्द, नाहीतर चार जणांचीच चाळीस पाने होतात. विषय द्या : 'पाळकसाहेबांनी तुमच्या घरी कोणत्या प्रसंगी प्रार्थना केली?' नुसते 'आठवणी लिहा' म्हटले की सगळे 'ते अतिशय प्रेमळ आहेत' असेच लिहितात. दुसऱ्या महिन्यात फोटो. जुने फोटो ३०० डीपीआयला स्कॅन करा, मोबाइलने फोटोचा फोटो घेऊ नका, चकाकी येते. प्रत्येक फोटोमागे पेन्सिलने क्रमांक लिहा आणि मूळ फोटो परत करण्याची नोंदवही ठेवा. कुणाच्या आईचा एकुलता एक फोटो हरवला तर पुस्तक कितीही देखणे झाले तरी त्या घरात ते उघडले जाणार नाही.

तिसऱ्या महिन्यात मजकूर जुळवणी. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या तुटतात. 'ख्रिस्त' सारखा शब्दही वेडावाकडा येतो. म्हणून सगळ्यांना सुरुवातीलाच युनिकोडमध्ये पाठवायला सांगा. छापण्याआधी कागदावर प्रूफ काढून दोघांनी वाचा, एकाने फक्त नावे आणि आडनावे तपासायची. आकडे आठवणीवर सोडू नका : किती बाप्तिस्मे, किती विवाह, किती अंत्यविधी, हे मंडळीच्या नोंदवहीतून मोजा.

मानपत्र कसे लिहावे?

२५० शब्द, वाचायला दोन-अडीच मिनिटे. 'ज्ञानसूर्य', 'सेवामहर्षी' अशी विशेषणे नकोत. पाळकांना ती ऐकवत नाहीत आणि बॅप्टिस्ट कानाला तर खुपतात. नेमक्या गोष्टी लिहा. नमुना म्हणून :

'आपण आलात तेव्हा उपासना पत्र्याच्या शेडमध्ये होत असे. पावसात उपदेश ऐकू येत नसे म्हणून आपण त्या दिवशी पत्रे थांबेपर्यंत गीते गायला लावत होता. आमच्यापैकी अनेकांना ती गीते पाठ झाली ती त्या पावसामुळे.'

असा एक परिच्छेद दहा विशेषणांवर भारी पडतो. 'पत्रे थांबेपर्यंत' म्हणजे पत्र्यांवरचा पावसाचा आवाज थांबेपर्यंत, हे ज्यांनी तिथे बसून ऐकले त्यांना न सांगता कळते आणि मानपत्र त्यांच्यासाठीच असते. पाळकीणबाईंचे नाव मानपत्रात हवेच, 'सौ.' जोडून शेवटच्या ओळीत नव्हे, मजकुरात. चौकट ए-थ्री आकाराची पुरे.

पाळकीणबाईंचा वेगळा सत्कार करावा का?

हो, आणि स्त्री मंडळाच्या नेहमीच्या कार्यक्रमापुरता नको. मुलांची रविवारची शब्बाथ शाळा, आजाऱ्यांच्या भेटी, अवेळी आलेल्या पाहुण्यांचा चहा, हे सगळे त्यांनी पगाराविना केलेले असते. कार्यक्रमात बोलणाऱ्यांपैकी एकाने फक्त त्यांच्याविषयी बोलावे. भेट त्यांच्या स्वतःच्या नावे, त्यांच्या खात्यात. पाळकांच्या पश्चात त्यांचे काय, हा प्रश्नही समितीने एकदा उघड विचारावा : मंडळीने दरमहा काही द्यायचे ठरवले असेल तर ते पाळकांनंतर त्यांना चालू राहील का, हे ठरावात लिहा.

कार्यक्रमाचा क्रम कसा असावा?

सकाळची उपासना आणि सत्कार एकत्र करू नका. सकाळी पाळकसाहेबांचा शेवटचा उपदेश, प्रभुभोजन, आणि डीकनांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना. तिथे भाषण नाही, हार नाही. संध्याकाळी सत्कार, दीड तासात :

प्रार्थना आणि गीत १० मिनिटे, शास्त्रवाचन ५, बोलणारे पाच जण प्रत्येकी ३ मिनिटे, मुलांचे गीत ५, पाळकीणबाईंचा सत्कार १०, मानपत्र आणि भेट १५, पाळकांचे उत्तर १५, आशीर्वाद ५. एकूण ८० मिनिटे होतात. राहिलेली दहा उशिरासाठी.

पाच जणांपैकी कुणी 'दोन शब्द' म्हणत पंधरा मिनिटे घेणार हे धरूनच चला. पहिल्या बाकावर घड्याळ घेऊन एक जण बसवा आणि अडीच मिनिटांनी कागद दाखवायला सांगा. वक्ते निवडताना एक अलीकडचा सभासद घ्या. सगळे साठीचे असले की कार्यक्रम पाळकांचा न राहता १९९०च्या दशकाचा होतो.

वाचनासाठी १ थेस्सलनीकाकरांस ५:१२-१३ किंवा प्रेषितांची कृत्ये २०:१७-३८, पौलाने इफिसच्या वडिलांचा घेतलेला निरोप. २ तीमथ्य ४:७, 'धाव संपवली आहे', हे सगळ्यांच्या तोंडी येते, पण तो मृत्यूच्या उंबरठ्यावरचा मजकूर आहे आणि अंत्यविधीत वाचला जातो. जिवंत माणसासमोर जपून.

जेवणाचा अंदाज?

२५० पानांसाठी, त्यात २०० मांसाहारी धरले तर : हाडासकट चिकन ४० ते ४५ किलो, बिर्याणीसाठी तांदूळ २२ ते २५ किलो, शाकाहारी पुलावासाठी तांदूळ ६ किलो, रायत्यासाठी दही १२ किलो, गुलाबजाम माणशी दोन म्हणून ५००, वर ५० जादा. निमंत्रण मंडळीला असले तरी शेजारच्या मंडळ्यांचे पाळक सहकुटुंब येतात, म्हणून मोजलेल्या आकड्यावर दहा टक्के चढवा. शाकाहारी रांग वेगळी, वाढपी वेगळे. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, कार्यक्रम असेल तर काही घरे मांसाहार करत नाहीत. शाकाहारी आकडा वाढवा.

'सन्माननीय पाळक' ही पदवी द्यावी का?

देता येते, पण तिच्यासोबत काय येते आणि काय येत नाही हे लिहून द्या. पाळकांची दीक्षा निवृत्तीने संपत नाही. संपते ती या मंडळीतली जबाबदारी. पदवीला मताधिकार नसतो, मानधन असेलच असे नाही, डीकनांच्या बैठकीत खुर्ची नसते. विवाह, अंत्यविधी, बाप्तिस्मा हे फक्त नव्या पाळकांनी बोलावले तरच. हा नियम कडू वाटतो, पण नसला की प्रत्येक लग्नघर जुन्या पाळकांकडेच जाते आणि नवे पाळक नावापुरते उरतात.

याचे जगजाहीर उदाहरण टेक्सासमधल्या डॅलसच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे. डब्ल्यू. ए. क्रिसवेल तिथे १९४४ पासून पाळक होते. १९९० च्या अखेरीस जोएल ग्रेगरी आले, पण क्रिसवेलही ज्येष्ठ पाळक म्हणून राहिले. दोन वर्षे पुरी व्हायच्या आत, सप्टेंबर १९९२ मध्ये, ग्रेगरींनी राजीनामा दिला. दोन्ही माणसे मोठी होती; जागा मात्र एकच होती.

पाळक आणि कुटुंबाने पहिले सहा महिने ते वर्षभर दुसऱ्या मंडळीत उपासनेला जावे, असे सुचवणे योग्य. त्यांना घालवून दिल्यासारखे वाटू नये म्हणून हे सोहळ्याच्या आधी, शांतपणे, एका ज्येष्ठ डीकनाने बोलावे.

पाळकसाहेब म्हणतात, 'काहीही करू नका.' ऐकावे का?

सोहळ्याबाबत बऱ्याच अंशी ऐका, पैशांबाबत मुळीच ऐकू नका.

निवृत्ती वादातून झाली असेल तर?

मोठा कार्यक्रम खोटा वाटेल. देणे पूर्ण द्या, उपासनेत दहा मिनिटांची प्रार्थना करा, मानपत्रात सेवेची वर्षे आणि नोंदी लिहा, वादाचा उल्लेख करू नका. विशेषणे नसलेले मानपत्र इथे खरोखर उपयोगी पडते.

सुपूर्द करायची कागदपत्रे कोणती?

बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू आणि सभासदत्वाच्या नोंदवह्या, इतिवृत्ते, बँकेची चेकबुके, मालमत्तेचे सात-बारा आणि करपावत्या, चाव्या. बँकेत सह्या बदलायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून अर्ज निवृत्तीआधीच द्या. पाळक विश्वस्त असतील तर बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत दाखल करावा लागतो.

सर्वांत जास्त विसरली जाते ती विवाहाची बाब. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ प्रमाणे मिळालेला परवाना व्यक्तीला असतो, मंडळीला नव्हे. जुने पाळक निवृत्त झाले आणि नव्यांचा परवाना आलेला नसेल तर मधल्या काळातल्या लग्नांची नोंद अडकते आणि नवदांपत्याला पासपोर्टच्या वेळी त्याचा त्रास होतो. नव्या पाळकांचा अर्ज नेमणुकीच्या दिवशीच पाठवा. तोवर ठरलेली लग्ने शेजारच्या परवानाधारक पाळकांकडून लावून घ्या आणि नोंद त्यांच्याच वहीत करा.